तू कोण झालीयेस?

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या गल्लीत खेळबाई म्हणतात. नाव पडलं ते टोमणा म्हणून. तिच्या बालवाडीतून मूल घरी गेलं आणि आईनं विचारलं, "आज काय शिकलास?" की उत्तर ठरलेलं, "खेळलो." दुसऱ्या दिवशीही "खेळलो." मग एखादा बाप तणतणत यायचा, की पोराला शिकायला पाठवतो की हुंदडायला? कुणीतरी चिडून खेळबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. दुसरी असती तर डोळ्यांत पाणी आणलं असतं. ताईनं दारावर पाटी रंगवून घेतली, "खेळबाईंची बालवाडी". असली ती आहे.

बालवाडी म्हणजे आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची सामानाची खोली. मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या डोक्यावर मिरी वाटत एकत्र राहतो. बालवाडीतल्या उशा, पडदे, चेंडू, बाहुल्या सगळं माझ्या मशीनवरचं. त्याचं कौतुक मला कधी मिळालं नाही, ते असो.

खाली एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, दुसऱ्यात पाण्याचा टब, सुताराकडून आणलेले लाकडी ठोकळे. आणि तिसऱ्यात ताईचा लाडका घरकोपरा. तिथं खोक्याची शेगडी, खोक्याचं कपाट, दोन पातेली, एक चादर, आणि मी शिवलेली बाहुली. तिच्या डोळ्यांची बटणं मी माझ्या जुन्या कोटाची लावली होती.

तणतणत आलेल्या बापांना ताई जमिनीवर बसवायची. हार्डवेअरच्या दुकानाचा एक मालक आला होता. त्याच्या हातात तिनं दोरा आणि मणी दिले. म्हणाली, "तुमचा मुलगा रोज हे करतो. याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची आहे. पाणी ओतताना त्याला थोडं आणि जास्त कळतं. ठोकळे पडले की पुन्हा रचायचे हे कळतं. दुसऱ्याचा हात मोकळा होईपर्यंत थांबायचं, हे तर कित्येकांना म्हातारपणापर्यंत कळत नाही." मालकानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण मणी ओवत बसला तो बसलाच. शेवटी पोरगा त्याला ओढून घरी घेऊन गेला.

ताईचं एक वाक्य होतं. ते तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की मी झोपेतही म्हटलं असतं. "खेळात मूल खोटं बोलत नाही." आणि ते खरंही ठरायचं. एक मुलगी बाहुलीला पुस्तक दाखवताना ते अगदी तिच्या नाकाला चिकटवायची. ताईनं आईबापांना सांगितलं, डोळे तपासा. नंबर निघाला, चष्मा लागला, मुलीचं नाव चष्मिस पडलं. तिचे आईबाप ताईच्या पाया पडायचे बाकी राहिले होते. त्या दिवसापासून ताई जरा हवेतच चालायला लागली, असं मी तेव्हाही म्हणाले होते.

तिचा एक नियमही होता. नवीन मदतनीस आली की पहिल्याच दिवशी सांगायची, "घरकोपऱ्यात मूल काही करताना दिसलं की आधी विचारायचं, तू कोण झालीयेस? बाहुली कोण आहे? ते कळल्याशिवाय काहीही अंदाज बांधायचा नाही. मूल आई होतं, डॉक्टर होतं, कुत्रा होतं. कोण झालंय ते तेच सांगणार."

आता मुंगीचं. मुंगी चार वर्षांची, बारीक, गप्प. एकेक ठोकळा दोन्ही हातांनी उचलून खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. बाप ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. आई लाँड्रीत इस्त्रीला. आजी, म्हणजे बापाची आई, दोन गल्ल्या पलीकडे आपल्या लेकीकडे राहायची आणि अधूनमधून मुंगीला न्यायला यायची.

ताईला मुंगीची आई आवडायची नाही. तसं ती कबूल करणार नाही, पण मला डोळे आहेत. बाई कायम घाईत, केस वाफेनं चिकटलेले, उशिरा येणार, "चल" एवढंच म्हणणार आणि पोरीला ओढत नेणार. पालकांना खेळायला बोलावलं होतं त्या दिवशी सगळे आईबाप चिखलाचे गोळे करत बसले. ही दाराशी उभी राहिली. "बाई, मला कामावर असंच जायचंय, कपडे मळतील," म्हणाली. ताईच्या ते मनात बसलं. ज्या आईला मुलीबरोबर चिखलात हात घालवत नाही, ती कसली आई, असं तिनं मला जेवताना सांगितलं. मी म्हणाले, "दुसऱ्यांचे कपडे पांढरे ठेवून पोट भरते ती." ताईनं ताटात लक्ष घातलं.

मग घरकोपऱ्यात ते सुरू झालं. मुंगीनं बाहुलीला मांडीत घट्ट दाबून धरलं, दोन्ही हात एका मुठीत. तोंडाशी चमचा नेला. "तोंड उघड. उघडतेस की नाही? गिळ. रडलीस तर दार बंद करीन." मग बाहुलीला खोक्याच्या कपाटात टाकलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. चेहरा दगडासारखा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सगळं सुरू करायच्या आधी दोन टाळ्या वाजवायची.

ताईनं ते तिन्ही दिवस पाहिलं. तिनं विचारलं नाही, तू कोण झालीयेस. विचारायची गरजच वाटली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती घाईतली बाई उभीच होती.

त्या आठवड्यात न्यायला आजी येत होती. ताईनं तिला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "घरात जरा लक्ष ठेवा. पोरीला जेवताना कुणीतरी दाबून धरतंय, कोंडून ठेवतंय." आजीनं विचारलं, "कोण?" ताई म्हणाली, "मी नाव घेणार नाही. पण खेळात मूल खोटं बोलत नाही."

नाव घ्यायची गरज होती का? सुनेबद्दल आजीच्या मनात आधीच काय काय साठलेलं होतं, त्यावर ही काडी पडली. बाप ट्रक सोडून धावत आला. भांडण झालं, शेजारपाजारच्यांनी दारं उघडून ऐकलं. मुंगीला आजीकडे नेऊन ठेवलं आणि आईला सुट्टीच्या दिवशी भेटायची मुभा मिळाली, तीही आत्या समोर बसलेली असताना. बालवाडीही सुटली. ताई हळहळली, पण मला म्हणाली, "वेळीच लक्षात आलं म्हणून बरं." आणि शांतपणे झोपली. ते मला अजून आठवतं, तिचं ते शांत झोपणं.

काही महिने गेले. मुलांना थेंब पाजायला दवाखान्यातून नर्सबाई आल्या. त्या मधूनमधून यायच्या, दोन कडू थेंब जिभेवर टाकायच्या. तो दिवस ताईला नकोसा असायचा, कारण एक रडलं की सगळी खोली रडायची. मी त्या दिवशी उशांचे नवे अभ्रे घेऊन खाली गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पहिल्याच मुलानं तोंड घट्ट मिटलं. नर्सबाईंना पुढच्या बालवाडीत जायचं होतं. ताईनं लक्ष वेधायला नेहमीसारख्या दोन टाळ्या वाजवल्या, मुलाला मांडीत घेतलं, त्याचे दोन्ही हात एका मुठीत धरले आणि म्हणाली, "तोंड उघड. उघडतोस की नाही?"

तेवढ्यात चष्मिस रांगेतून निघाली. कुणी काही म्हटलं नव्हतं. ती सरळ मागच्या सामानाच्या खोलीकडे गेली, दार ढकललं आणि आत ठोकळ्यांच्या पोत्यावर जाऊन बसली.

"अगं, तिकडे कुठे?" मी विचारलं.

"मी रडणार आहे ना," ती म्हणाली. "मग बाई दार बंद करतात. म्हणून आधीच आले. मागच्या वेळी मुंगीला बंद केलं होतं. ती खूप रडत होती."

मी ताईकडे पाहिलं. तिच्या मुठीत त्या मुलाचे हात तसेच होते. ती त्या हातांकडे पाहत होती, जणू मूठ दुसऱ्या कुणाची आहे. मग तिनं बोटं सोडली. नर्सबाई विचारत होत्या, "काय झालं? धरा ना." ताई म्हणाली, "आज राहू दे. आज कुणालाच नको."

दुपारी खोली रिकामी झाल्यावर ती घरकोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा खुर्चीवर बसली. म्हणाली, "दोन टाळ्या गं. तीन दिवस ती दोन टाळ्या वाजवत होती. अख्ख्या जगात कोण वाजवतं अशा टाळ्या?" तिनं बाहुली उचलून मांडीवर घेतली. "मला आठवतसुद्धा नव्हतं. कोंडलं होतं मी तिला, जरा वेळ, बाकीची रडायला लागू नयेत म्हणून. दार लावलं आणि विसरले. आणि नंतर तिच्या आईचं घर मोडलं."

मला तिची दया आली, पण रागही आला, आणि मी राग आधी बाहेर काढला. "मग इथं बसून काय करतेस? ऊठ. मी येते बरोबर."

लाँड्रीत वाफ कोंडलेली होती. मुंगीची आई मोठ्या टेबलावर चादरींना इस्त्री करत होती. आम्हाला पाहून तिनं इस्त्री उभी ठेवली नाही, हात चालूच ठेवला. ताईनं सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. थेंब, मूठ, सामानाची खोली, आजीला बाजूला घेतलं ते. शेवटी म्हणाली, "माझी चूक झाली. तुम्ही काहीच केलं नव्हतंत."

बाईनं चादरीची घडी घातली. "हे मला कशाला सांगताय? मी काय केलं आणि काय नाही, ते मला माहीत होतं. ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा." मग जरा थांबून ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, "माहीत होतं म्हणते, पण नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, बाई. सगळेच म्हणतात तर केलं असेल. घाईत कधी हात जोरात धरला असेल, मला कळलं नसेल. रात्रीची मी आठवत बसते, कधी केलं, कधी केलं."

ताईनं पिशवी खांद्याला अडकवली.

"चला," ती म्हणाली. "तुमची सुट्टी झाली की चला. मी तुमच्यासमोर सांगते."

संध्याकाळी आम्ही तिघी आजीच्या इमारतीशी गेलो. मुंगीची आई जिन्याच्या तोंडाशीच थांबली. "आज माझा दिवस नाही," म्हणाली. "मी खालीच आहे."

वर बाप घरी होता, ट्रक दुरुस्तीला गेला होता म्हणून. ताईनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आजीनं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "वा! तेव्हा तुम्हीच म्हणालात, खेळात मूल खोटं बोलत नाही. आता सुनेनं येऊन रडगाणं गायलं वाटतं, म्हणून मूल खोटं झालं?"

"मूल खरंच बोललं होतं," ताई म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"आम्ही कशावरून विश्वास ठेवायचा?"

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आतल्या दारातून मुंगी डोकावली. ताईला पाहून ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. ताईच्या पिशवीत ती बाहुली होती. का आणली होती, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं ती काढली, जमिनीवर ठेवली आणि स्वतः लांब, भिंतीला टेकून बसली. कुणाला काही बोलू दिलं नाही.

बराच वेळ गेला. मग मुंगी आली, बाहुली उचलली, दोन टाळ्या वाजवल्या. मांडीत दाबलं, हात मुठीत धरले. "तोंड उघड. उघडतेस की नाही?" बापानं नजर दुसरीकडे वळवली.

"मुंगे," ताईनं विचारलं, "तू कोण झालीयेस?"

"बाई," मुंगी म्हणाली. एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

"आणि बाहुली?"

"मी."

"मग आई कोण आहे?"

"आई नाहीये ह्यात. आई कामाला गेलीये. ती आली की दार उघडणार आहे."

आजी खाली बसली. बाप उठला. पायात चप्पलही न घालता तो जिना उतरायला लागला. खाली कोण उभं आहे, ते मी त्याला सांगितलं होतं.

मुंगीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं बाहुली बाजूला टाकली आणि ताईसमोर उभी राहिली. "आता बाहुली तू हो."

ताई झाली. साठीला आलेली माझी बहीण जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. ते मुंगीच्या मुठीत मावेनात, म्हणून तिनं दोन बोटंच घट्ट धरली. "तोंड उघड." ताईनं उघडलं. "गिळ." ताईनं गिळलं. "रडलीस तर दार बंद करीन." आणि ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते काही खेळातलं नव्हतं.

मुंगी नियमाला पक्की. तिनं ताईला हाताला धरून उठवलं, आजीच्या अंथरुणं ठेवायच्या बारक्या खोलीत नेलं आणि दार ओढून मला वरची कडी घालायला लावली. मग पाठ लावून उभी राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. दारात तिची आई आली, मागे बाप. मुंगीनं दार सोडलं आणि जी पळाली ती थेट आईच्या कमरेला. ती बाई खाली बसली, पोरीच्या केसांत तोंड घातलं. बापानं मुंगीचे कपडे गोळा केले, चप्पल शोधली. आजीनं अडवलं नाही. कुणीही कुणाची माफी मागितली नाही, आणि ते बरंच झालं, कारण त्या घरात तेव्हा माफीला कुठे बसवलं असतं कोण जाणे. ती तिघं जिना उतरून गेली.

मी बारक्या खोलीच्या दाराशी गेले. "ताई, बाहेर ये. कडी काढते. गेली ती आईबरोबर."

आतून आवाज आला, "नको काढूस. तिनं नाही उघडलं अजून."

"अगं वेडे, ती विसरली."

"मीही विसरले होते."

कडीवर ठेवलेला हात मी मागे घेतला. आजी मला पाहत होती आणि मी तिला. दोघींनाही काय करावं कळेना.

मग जिन्यावर पुन्हा पावलं. मुंगी आणि तिची आई. आईनं मुंगीला विचारलं होतं म्हणे, बाई कुठे आहेत, आणि मुंगीनं सांगितलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, आजीकडेही नाही. तिनं मुंगीला दाराशी आणून उभं केलं. "आपण कुणाला आत ठेवलं असलं, की आपणच उघडायचं असतं. जा, उघड."

मुंगीचा हात कडीला पुरेना. आईनं तिला उचललं. कडी निघाली.

ताई अंथरुणांच्या वळकट्यांना टेकून बसली होती, ओठ दाताखाली धरून, आवाज होऊ नये म्हणून. मुंगी आईच्या कडेवरून खाली वाकली आणि तिला समजावल्यासारखं म्हणाली, "आई आली. आता रडलं तरी चालतं."